केर्गेलेनच्या पाण्याखालचा मुलूख

१७७५ साली फ्रान्समधल्या ब्रेस्ट बंदरात नौदलाच्या एका कप्तानावर खटला चालला. त्याचं नाव ईव-जोसेफ द केर्गेलेन-त्रेमारेक. आरोपांची यादी लांबलचक होती. त्यात एक आरोप जहाजावर चोरून एका तरुणीला नेल्याचा होता. पण दरबाराची चीड वेगळ्याच गोष्टीची होती. या गृहस्थाने पंधराव्या लुई राजाला एक अख्खा खंड सापडल्याचं सांगितलं होतं आणि दुसऱ्या सफरीअखेर हाती लागलं होतं धुक्यातलं एक ओसाड बेट. कप्तानाची रवानगी सोमूरच्या किल्ल्यातल्या तुरुंगात झाली.

त्या काळच्या युरोपात दक्षिण गोलार्धात एक भलामोठा सुपीक खंड असलाच पाहिजे, अशी पक्की समजूत होती. नकाशे काढणारे तो अंदाजाने रेखाटत, राजेलोक त्याच्या शोधात जहाजं पाठवत. केर्गेलेन जानेवारी १७७२ मध्ये मॉरिशसहून दोन जहाजं घेऊन दक्षिणेकडे निघाला आणि १२ फेब्रुवारीला, ४९ अंश दक्षिण अक्षांशाच्या आसपास, त्याला जमीन दिसली. वारा इतका पिसाट होता की तो स्वतः किनाऱ्याला लागलाच नाही. बरोबरच्या ‘ग्रो व्हांत्र’ या दुसऱ्या जहाजावरचे लोक दुसऱ्या दिवशी कसेबसे उतरले आणि त्यांनी फ्रान्सच्या नावाने ताबा जाहीर केला. वादळात दोन्ही जहाजांची चुकामूक झाली. सोबत्याची वाट न पाहता केर्गेलेनने परतीची दिशा धरली आणि दरबारात जाऊन न पाहिलेल्या देशाचं वर्णन केलं. ‘दक्षिणेकडचा फ्रान्स’ असं त्याचं नावही ठेवून टाकलं. तिथे पिकं येतील, खनिजं मिळतील, हिरेमाणकंही मिळतील, अशी आशा त्याने दाखवली.

राजाने त्याला पुन्हा पाठवलं. याही वेळी तो स्वतः जमिनीवर उतरला नाही. ६ जानेवारी १७७४ रोजी त्याच्या एका अधिकाऱ्याने उत्तरेकडच्या एका खाडीत उतरून लॅटिन मजकुराचा कागद बाटलीत घालून ठेवला. बाटली सापडली ती इंग्रज कप्तान जेम्स कुकला, १७७६ च्या नाताळात. कुकने त्याच कागदाच्या मागच्या बाजूला आपल्या जहाजांची नावं लिहिली, बाटलीत १७७२ सालचं चांदीचं एक लहान नाणं टाकलं आणि ती परत ठेवली. खाडीला नाताळचं नाव दिलं. बेटाबद्दल मात्र त्याचं मत रोखठोक होतं. आधीच्या शोधकर्त्याचं नाव हिरावून घेण्याचा अन्याय होईल म्हणून, नाहीतर आपण याला ‘उजाड बेट’च म्हटलं असतं, असं त्याने नोंदवून ठेवलं.

खंडाची गोष्ट तिथे संपली, असंच सगळ्यांना वाटलं. त्यानंतर जवळजवळ सव्वादोनशे वर्षांनी त्याच समुद्राच्या तळाला भोकं पाडणाऱ्या एका जहाजाने जे दगड वर आणले, त्यांतून दिसलं की त्या अक्षांशांवर खरोखरच एक विस्तीर्ण भूभाग होता. त्यावर नद्या वाहत होत्या, झाडं होती. फक्त तो कोट्यवधी वर्षांपूर्वी पाण्याखाली गेला होता. या योगायोगावरून केर्गेलेनला द्रष्टा ठरवण्याचा मोह काही लेखकांना होतो. तो आवरलेला बरा. त्या माणसाने न पाहिलेलं पाहिलं म्हणून सांगितलं होतं. खाली काय दडलं आहे, याची त्याला तसूभरही कल्पना नव्हती.

आज ‘केर्गेलेन पठार’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रदेश हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला, अंटार्क्टिकाकडे तोंड करून वायव्य-आग्नेय पसरलेला आहे. लांबी दोन हजार किलोमीटरहून जास्त, क्षेत्रफळ वीस लाख चौरस किलोमीटरच्या घरात. म्हणजे त्यात सहा महाराष्ट्र सहज मावतील. आजूबाजूच्या समुद्रतळापेक्षा ते दोन ते चार किलोमीटर उंच उठलेलं आहे. तरीही त्याचा बहुतेक माथा एक ते तीन किलोमीटर पाण्याखाली आहे. पाण्यावर डोकं काढणारे तुकडे दोनच. एक, फ्रान्सच्या ताब्यातला केर्गेलेन द्वीपसमूह. क्षेत्रफळ सुमारे ७,२०० चौरस किलोमीटर. दुसरा, ऑस्ट्रेलियाच्या मालकीची हर्ड आणि मॅकडोनाल्ड बेटं.

नेहमीचं सागरी भूकवच सरासरी सात किलोमीटर जाडीचं असतं. मध्यसागरी पर्वतरांगेच्या भेगेतून शिलारस वर येतो, थंड होतो, दोन्ही बाजूंना सरकतो. तळाची ही रोजची रीत आहे. केर्गेलेन पठाराखाली ही जाडी वीस किलोमीटरच्या आसपास भरते. एवढा जादा शिलारस साध्या भेगेतून येत नाही. प्रावरणाच्या खोल भागातून असाधारण तापलेल्या खडकाचा स्तंभ वर चढतो, भूकवचाजवळ आल्यावर दाब कमी होऊन तो मोठ्या प्रमाणात वितळतो आणि बेसाल्टचे थरांवर थर साचतात, असं बहुसंख्य भूशास्त्रज्ञ मानतात. हे असे स्तंभ खरोखर किती खोलवरून येतात, यावर भांडणं चालू आहेत आणि ती लवकर मिटण्याची चिन्हं नाहीत.

अशी पठारं जगात आणखीही आहेत. सॉलोमन बेटांच्या उत्तरेचं ओंटाँग जावा पठार आकाराने केर्गेलेनच्या तोडीचं. ते सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वी तयार झालं आणि गंमत म्हणजे एवढं जाड असूनही त्यातला बहुतेक लाव्हा पाण्याखालीच ओतला गेला. असं का, याचं समाधानकारक उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. जपानच्या पूर्वेला शात्स्की उंचवटा आहे. त्यातला एक भाग म्हणजे जगातला सर्वांत मोठा एकसंध ज्वालामुखी, असं २०१३ साली जाहीर झालं, वर्तमानपत्रांत मथळे झळकले, आणि २०१९ मध्ये त्याच संशोधकांनी चुंबकीय नोंदी पुन्हा तपासून आपला दावा मागे घेतला. विज्ञानाचा असा प्रामाणिकपणा मथळ्यात सहसा येत नाही. केर्गेलेनचं वेगळेपण असं की, इथला बराच लाव्हा उघड्या आकाशाखाली वाहिला आणि त्याचा पुरावा दगडांत शिल्लक राहिला.

तो पुरावा पहिल्यांदा हाती आला १८४० साली, आणि ज्यांना मिळाला त्यांना त्याचा पूर्ण अर्थ कळण्याची सोय नव्हती.

जेम्स क्लार्क रॉसची ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही जहाजं अंटार्क्टिकाच्या वाटेवर असताना मे ते जुलै १८४० या हिवाळ्यात केर्गेलेनच्या त्याच नाताळ खाडीत थांबली. ‘एरेबस’वर दोन वैद्य होते. थोरले रॉबर्ट मॅकॉर्मिक यांना दगडांचा नाद, तर धाकटे जोसेफ हुकर, वय अवघं तेवीस, वनस्पतींमागे वेडे. मॅकॉर्मिकना काळ्या लाव्हाच्या थरांमध्ये दगड झालेली झाडांची खोडं सापडली, कोळशाचे पातळ पट्टे सापडले. ज्या बेटावर आज एकही झाड नाही, तिथे! हुकरनी बर्फ उकरून शेवाळं आणि दगडफुलं गोळा केली. कुकच्या सफरीत इथल्या जेमतेम अठरा वनस्पतींची नोंद झाली होती. हुकरनी ती यादी दीडशेच्या घरात नेली. खलाशांना मात्र त्यातली एकच वनस्पती प्यारी होती. केर्गेलेन कोबी. ही जाडजूड पानांची भाजी खाऊन दर्यावर्दी स्कर्व्हीपासून वाचत. इथल्या वाऱ्यात उडणारे कीटक टिकत नाहीत, म्हणून तिचं परागीभवन वारा करतो. कोबीवर राहणाऱ्या माशीलाही पंख नाहीत.

हुकरना प्रश्न पडला की इतक्या दूरच्या बेटावर या वनस्पती आल्या कुठून? दक्षिणेकडच्या विखुरलेल्या बेटांवर सारख्या वनस्पती दिसतात, त्या अर्थी ही बेटं म्हणजे एका बुडालेल्या मोठ्या भूभागाचे अवशेष असावेत, असा विचार त्यांनी मांडला. त्यांचे जिवलग मित्र चार्ल्स डार्विन यांना तो अजिबात पटेना. जमिनी मनाला येईल तशा बुडवायच्या आणि वर काढायच्या, याचा त्यांना तिटकारा होता. बिया समुद्रप्रवाहांतून, पक्ष्यांबरोबर, हिमनगांना चिकटलेल्या मातीतून प्रवास करतात, असं त्यांचं म्हणणं. १८५९ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी हिमनगांच्या मुद्द्यासाठी केर्गेलेनचंच उदाहरण घेतलं.

दोघांच्या भांडणाचा निकाल मजेशीर लागला. बुडालेला भूभाग होता, त्यामुळे हुकर जिंकले. पण आजच्या वनस्पती त्याच्या वारसदार नाहीत, त्यामुळे डार्विनही जिंकले. जनुकांच्या अभ्यासात केर्गेलेन कोबीचे जवळचे नातलग दक्षिण अमेरिकेत सापडतात. ती लाखो वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून आली. पठारावरच्या मूळ रानाशी तिचा संबंध नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उरलेल्या काळात बेटावर माणसांची ये-जा वाढली, भूशास्त्रात मात्र फारशी भर पडली नाही. अमेरिकी आणि इंग्रज शिकारी सील मारून चरबी उकळत राहिले. १८७४ च्या जानेवारीत ‘चॅलेंजर’ हे जगप्रसिद्ध संशोधन-जहाज आलं आणि तळाची खोली मोजत हर्ड बेटाकडे गेलं. त्याच वर्षी ९ डिसेंबरला शुक्राचं अधिक्रमण पाहण्यासाठी इंग्रज, अमेरिकी आणि जर्मन पथकं तिथे दुर्बिणी रोवून बसली. १८९३ मध्ये फ्रान्सने पुन्हा एकदा झेंडा लावला आणि ल हाव्हरच्या बॉसिएर बंधूंना पन्नास वर्षांचा मक्ता दिला. त्यांनी मेंढ्या आणल्या, देवमाशांचं तेल काढणाऱ्या नॉर्वेजियनांना जागा दिली, काही कुटुंबंही वसवली. सगळंच फसलं. १९३१ पर्यंत उरलेले लोक निघून गेले. नाताळ खाडीच्या तोंडाशी लाव्हाच्या थरांत कोरलेली एक नैसर्गिक कमान होती, कुकच्या चित्रकाराने रेखाटलेली. तीसुद्धा १९०८ ते १९१३ च्या दरम्यान कधीतरी, कुणी बघत नसताना, कोसळली.

बेटाचा भूशास्त्रीय नकाशा पायी फिरून काढणारा माणूस म्हणजे एडगर ओबेर द ला र्यू. १९२८ पासून तो आणि त्याची पत्नी आंद्रे अनेकदा तिथे राहिले. हातोडा, पाठपिशवी आणि सतत भिजलेले कपडे घेऊन त्यांनी डोंगर पालथे घातले, शेकडो ठिकाणांना नावं दिली. त्याने पाहिलेला मुलूख सह्याद्रीत फिरणाऱ्या कुणालाही ओळखीचा वाटेल. आडवे काळे थर, त्यांच्या कडेने पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारे कडे, मधूनच लाल पट्टा. बेटाचा चार-पंचमांशाहून जास्त भाग अशाच बेसाल्टने झाकलेला आहे. मात्र हे थर तीन कोटी वर्षांच्या आतबाहेरचे, म्हणजे पठाराच्या मानाने अगदी अलीकडचे. जुना इतिहास पाण्याखाली होता आणि हातोडा तिथवर पोचत नव्हता.

समुद्रतळाचा नकाशा नीट उमटायला १९६० चं दशक उजाडावं लागलं. १९५९ ते १९६५ या काळात अनेक देशांनी मिळून आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम काढली. भारताची जहाजंही त्यात होती, आणि मोहीम संपल्यावर १ जानेवारी १९६६ रोजी जी संस्था उभी राहिली ती म्हणजे आज गोव्यात दोना पावल इथे असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. मोहिमेतल्या खोलीच्या नोंदी ब्रूस हीझेन आणि मेरी थार्प यांच्या टेबलावर गेल्या. त्यांच्या माहितीवरून रंगवलेला हिंदी महासागराच्या तळाचा नकाशा ऑक्टोबर १९६७ मध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’बरोबर घरोघर पोचला. त्यात दक्षिणेला केर्गेलेनचं पठार स्पष्ट दिसत होतं. पण खरी चकित करणारी गोष्ट त्याच्या ईशान्येला होती. बंगालच्या उपसागराच्या बाजूने ९० अंश पूर्व रेखांशाला जवळजवळ चिकटून, सुमारे पाच हजार किलोमीटर सरळ रेषेत गेलेली एक पर्वतरांग. निसर्गात इतकी सरळ रेषा क्वचित दिसते.

पुढच्या काही वर्षांत भूपट्टांचा सिद्धान्त रुजला आणि रेषेचा उलगडा झाला. शिवणयंत्राची सुई एका जागी राहते आणि कापड पुढे सरकत जातं, तसा खालचा तप्त स्तंभ बराचसा जागेवर होता आणि भारताला वाहून नेणारा भूपट्ट त्याच्यावरून उत्तरेकडे धावत होता. सुईने टाके घालावेत तसे ज्वालामुखी एकामागून एक उमटत गेले. विंधनात मिळालेल्या खडकांची वयंही तसंच सांगतात. रांगेच्या उत्तर भागातले खडक सुमारे ८ कोटी वर्षांचे, दक्षिण टोकाचे ४ कोटींच्या जरासे पलीकडचे. त्या काळात भारताचा वेग वर्षाला पंधरा सेंटिमीटरच्या वर गेला होता. भूपट्टांच्या जगात ही बेफाम धाव म्हणायची.

१९८७-८८ च्या दक्षिणी उन्हाळ्यात ‘जॉइडिस रेझोल्यूशन’ हे विंधन-जहाज पहिल्यांदा पठारावर आलं. तेलविहिरी खोदायला बांधलेलं हे जहाज संशोधनासाठी बदलून घेतलं होतं. मधोमध उंच मनोरा, त्यातून किलोमीटर-दीड किलोमीटर पाण्यात सोडलेली नळी, आणि जहाज जागचं हलू नये म्हणून अष्टौप्रहर फिरणारे पंखे. या भागात लाटा कधी उसंत देत नाहीत, हिमनग वाट अडवतात. तरीही दक्षिण पठारावर बेसाल्टपर्यंत भोकं गेली आणि त्यावरच्या गाळात लाकडाचे तुकडे मिळाले.

डिसेंबर १९९८ मध्ये तेच जहाज परत आलं. माइक कॉफिन आणि फ्रेड फ्राय हे मोहिमेचे दोन प्रमुख. दोन महिन्यांत आठ ठिकाणी विंधन झालं. नळीतून निघणारा दगडाचा दंडगोल उभा चिरायचा आणि बघायचं, एवढंच काम. पण इथे बघण्यासारखं खूप होतं. लाव्हाच्या प्रवाहांचा वरचा भाग गंजल्यासारखा लाल झालेला होता. उघड्यावर हवापाणी लागून लोखंड असं तांबडं होतं. पाण्याखाली ओतलेल्या लाव्हाचे उशीसारखे गोळे होतात, ते इथे बहुतेक ठिकाणी नव्हते. पठाराच्या मध्यभागी सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीच्या गाळात लाकूड, बिया आणि बीजाणू मिळाले. शिवाय स्फोट होऊन उडालेल्या राखेचे जाड थर होते. म्हणजे शांतपणे वाहणाऱ्या लाव्हाचा काळ सरल्यावर इथे आभाळ झाकोळणारे उद्रेकही झाले होते.

सर्वांत मोठा धक्का एलान बँक या पश्चिमेकडे निघालेल्या फाट्यावर बसला. हजार मीटर पाण्याखाली, दोन लाव्हाथरांच्या मध्ये, नदीने वाहून आणलेल्या गोट्यांचा थर लागला. नदीचे गोटे समुद्राखाली निघणं हेच नवल. त्यात काही गोटे गार्नेट असलेल्या नाइस खडकाचे निघाले. नाइस हा खंडांचा खडक. ज्वालामुखी तो बनवत नाहीत. त्यातल्या काही झिरकॉन कणांचं वय अडीचशे कोटी वर्षांपर्यंत भरलं आणि एकंदर लक्षणं भारताच्या पूर्व घाटातल्या खडकांशी जुळली. निष्कर्ष असा निघाला की भारत अंटार्क्टिकापासून सुटताना त्याच्या पूर्व किनाऱ्याचा एक लचका मागे राहिला, त्यावर लाव्हा साचला, आणि तो पठाराचा भाग होऊन बसला. ओडिशा-आंध्रच्या डोंगरांचा एक भाऊबंद असा अंटार्क्टिकाच्या वाटेवर बुडालेला आहे.

१९९९ मध्ये ही बातमी फुटली, तेव्हा जगभर ‘हरवलेला खंड सापडला’ असे मथळे आले. आपल्याकडे अशा बातमीबरोबर लेमुरिया आणि कुमारी कंडम या बुडालेल्या भूमींच्या कल्पना हटकून वर येतात. लेमुरियाची कल्पना फिलिप स्क्लेटर या प्राणिशास्त्रज्ञाने १८६४ मध्ये मांडली, ती मादागास्कर आणि भारतातल्या प्राण्यांचं साम्य समजावून देण्यासाठी. केर्गेलेनशी तिचा काही संबंध नव्हता. शिवाय पठार बुडालं ते माणसाच्या जन्माच्या कोट्यवधी वर्षं आधी. तिथे कुणाची नगरी नव्हती, कुणाचं साहित्य वाहून गेलं नाही. आणि काटेकोर बोलायचं तर तो खंडही नव्हता. एलान बँकसारखे तुकडे सोडले तर सारा ज्वालामुखीचा ऐवज आहे.

पठार बुडालं ते प्रलयाने नव्हे, सावकाश. तापलेला खडक फुगलेला असतो. थंड होत गेला की आकसतो, जड होतो आणि खचतो. लाव्हाचा पुरवठा आटला की ही घट भरून निघत नाही. दक्षिणेचा भाग काही कोटी वर्षं पाण्यावर राहिला आणि मग हळूहळू लाटांखाली गेला.

पठाराचं बांधकामही एका दमात झालेलं नाही. दक्षिण भाग साधारण ११ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीचा, एलान बँक १० कोटी ८० लाखांचा, मध्य भाग १० कोटींच्या आसपासचा, उत्तर भाग तर ४ कोटींहून कमी वयाचा. २०२० मध्ये पर्थच्या कर्टिन विद्यापीठातल्या संशोधकांनी खडकांची वयं नव्याने मोजून दाखवलं की, मुख्य उद्रेक १२ कोटी २० लाख ते ९ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत, म्हणजे तीन कोटी वर्षांहून जास्त काळ, चालू होते. दख्खनचा पाषाण याच्या अगदी उलट. सह्याद्री ज्यातून कोरला गेला तो बहुतेक लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दहा लाख वर्षांच्या आत ओतला गेला. केर्गेलेनला इतका वेळ कसा मिळाला? तप्त स्तंभ आणि मध्यसागरी भेग यांची एकाच जागी गाठ पडल्यामुळे, असं ते संशोधक म्हणतात. शिलारसाला वर येण्याची वाट सतत उघडी राहिली. हे उत्तर पटण्याजोगं आहे, कारण पुढे सुमारे ४ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी तीच भेग पठारातूनच गेली आणि त्याचे दोन तुकडे झाले. एक तुकडा अंटार्क्टिकाच्या भूपट्टावर राहिला. दुसरा, ब्रोकन रिज, ऑस्ट्रेलियाबरोबर दोन हजारांहून जास्त किलोमीटर ईशान्येला गेला. मार्च २०१४ मध्ये मलेशियाचं एमएच-३७० विमान नाहीसं झालं, तेव्हा शोधपथकांनी ध्वनिलहरींनी याच ब्रोकन रिजचा तळ तपासला. विमान मिळालं नाही. पण पठार फाटताना पडलेले हजारभर मीटर उंचीचे कडे पहिल्यांदा इतके स्पष्ट दिसले.

खालचा विस्तव अजून विझलेला नाही. हर्ड बेटावरचं मॉसन शिखर २,७४५ मीटर उंच, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरच्या कुठल्याही डोंगरापेक्षा मोठं, आणि ते जिवंत ज्वालामुखीचं आहे. जानेवारी २०१६ मध्ये जवळून जाणाऱ्या एका संशोधन-जहाजावरच्या लोकांनी हिमनदीवरून वाहणारा त्याचा लाव्हा पाहिला. शेजारचं मॅकडोनाल्ड बेट हजारो वर्षं गप्प होतं. १९९२ पासून ते पुन्हा जागं झालं आणि काही वर्षांतच क्षेत्रफळाने दुप्पट झालं. ही भर पडताना पाहायला तिथे कोणी नव्हतं. उपग्रहाच्या छायाचित्रांतून ती उघड झाली.

आता माणसांचं या पठाराशी नातं मुख्यतः माशांचं आणि हद्दीचं आहे. पठारावरून घासत जाणारं पाणी लोह घेऊन वर येतं, त्यावर सूक्ष्म वनस्पती पोसतात आणि त्यांच्यावर सारं जीवन. इथला महागडा टूथफिश चोरून पकडणाऱ्या ‘व्हियार्सा’ या बोटीचा ऑस्ट्रेलियाच्या गस्ती जहाजाने ऑगस्ट २००३ मध्ये तीन आठवडे, थेट दक्षिण अटलांटिकपर्यंत पाठलाग केला होता. २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने ऑस्ट्रेलियाच्या वाढीव सागरी हद्दीला मान्यता दिली, त्यातही या पठाराचा हिस्सा आहे. केर्गेलेनने आशा दाखवलेले हिरे अजून मिळालेले नाहीत.

या कथेचं एक टोक भारतात आहे आणि तिथे जायला जहाज लागत नाही. झारखंडच्या साहिबगंज आणि पाकुड भागातल्या राजमहाल टेकड्यांचा काळा बेसाल्ट सुमारे ११ कोटी ८० लाख वर्षांचा आहे, म्हणजे दक्षिण केर्गेलेनचा समवयस्क. त्यातल्या चुंबकीय नोंदींवरून तो दक्षिणेला पंचेचाळीस ते पन्नास अंशांच्या दरम्यान थिजला असं दिसतं. केर्गेलेन आज तिथेच आहे. राजमहालचा लाव्हा थेट त्याच स्तंभातून आला की स्तंभाने फक्त आसपासचा खडक तापवला, यावर रसायनतज्ज्ञांत मतभेद आहेत. नातं मात्र बहुतेक जण मानतात. बंगालच्या गाळाखाली हा लाव्हा पूर्वेकडे पसरला आहे आणि मेघालयातला सिल्हेट ट्रॅप त्याचाच सोबती मानतात.

दोन लाव्हांच्या मधल्या काळात राजमहालमध्येही रान माजलं. थॉमस ओल्डहॅम आणि जॉन मॉरिस यांनी १८६३ मध्ये तिथल्या दगड झालेल्या पानांवर ग्रंथ छापला. पुढे बिरबल साहनी यांनी निपानिया गावच्या खडकांतून पेंटॉक्सिलॉन या नामशेष वनस्पतीचा अख्खा गट जगापुढे आणला. त्यांचा तो निबंध १९४८ चा. त्या वेळी हे जीवाश्म जुरासिक काळातले समजले जात. लाव्हाचं वय मोजल्यावर ते नंतरच्या, क्रिटेशस काळातले ठरले. केर्गेलेनच्या गाळात लाकडाचा बोटभर तुकडा मिळाला की सोहळा होतो. इथे खोडंच्या खोडं आणि पानांचे ठसे उघड्यावर पडलेले आहेत.

‘जॉइडिस रेझोल्यूशन’ २०२४ मध्ये निवृत्त झालं. अमेरिकेने पैसा थांबवला आणि त्याच्या जागी दुसरं जहाज तेव्हा तयार नव्हतं. पठारातून काढलेले दंडगोल जपानमधल्या कोची शहरातल्या भांडारात थंड खोल्यांत, क्रमांक लावून ठेवलेले आहेत. मागणी केली तर कुठल्याही देशाच्या अभ्यासकाला त्यांचे नमुने मिळतात. राजमहालच्या दगडाला अशी खोली नाही. पाकुडची काळी खडी बंगाल-बिहारच्या रस्त्यांना आणि रेल्वेमार्गांना पिढ्यान्‌पिढ्या पुरवली जाते, आणि तिच्याबरोबर जीवाश्मही क्रशरमध्ये जातात. साहिबगंजजवळ मांड्रो इथे २०२२ मध्ये जीवाश्म उद्यान सुरू झालं, हे चांगलंच झालं. पण उद्यानाच्या कुंपणाबाहेरच्या टेकड्या खाणीला मोकळ्या आहेत. खाणीचा परवाना देण्याआधी भूशास्त्रज्ञ आणि वनस्पतिशास्त्रज्ञांकडून जागा तपासून घ्यावी आणि निघालेले नमुने लखनौच्या साहनी संस्थेकडे पाठवावेत, एवढा नियम करायला सरकारला एका आदेशाहून जास्त काही लागणार नाही.